खात्री किती झाली म्हणजे निघावे?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्यसेविका ताईंचा आहे. वय 36, दोन मुले, उपकेंद्राची नोकरी, आणि तीन वर्षांपासून लांब पल्ल्याच्या सायकलीचा नाद. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळेची मर्यादा असलेली सायकलस्वारी, त्यांनी दोनदा आणि 300 ची एकदा वेळेत पूर्ण केली. गेल्या जानेवारीत त्या 400 ला निघाल्या, तेव्हा गावातल्या पोरांनी हौसेने बसथांब्यावर त्यांच्या फोटोचा फ्लेक्स लावला. 318 व्या किलोमीटरला, रात्री 2 वाजून 50 मिनिटांनी, त्यांनी स्वारी सोडली. फ्लेक्स पुढे पंधरा दिवस तसाच लटकत होता. आता त्यांना पुन्हा 400 करायचे आहे, आणि जमले तर त्याच हंगामात 600. घरचे म्हणतात, पूर्ण खात्री असेल तरच जा, नाहीतर पुन्हा हसे होईल. त्यांनी विचारले आहे की खात्री किती झाली म्हणजे निघावे, आणि पुन्हा अर्धवट सुटले तर गावात काय सांगावे.

ताई, मी दर्यापूर तालुक्यातला. कृषी सहायक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे, आणि गेली बारा वर्षे ब्रेव्हे चालवतो व नव्या पोरांना तयार करतो. माझ्या वहीत 47 स्वाऱ्यांची नोंद आहे, त्यांतल्या 11 पूर्ण झालेल्या नाहीत. त्यामुळे सोडण्याच्या विषयात माझा अनुभव जरा जास्तच आहे असे समजायला हरकत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्रेव्हे ही शर्यत नाही. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत स्वतःच्या बळावर कापायचे असते. नियम फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ या संस्थेचे आहेत आणि जगभर तेच चालतात. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास मिळतात. वाटेत ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळेआत पोहोचून कार्डावर नोंद करावी लागते, त्याला कंट्रोल म्हणतात. मदतीची गाडी कंट्रोल सोडून इतरत्र चालत नाही. पहिला, दुसरा असा क्रमांक कोणालाच मिळत नाही. पूर्ण झाली किंवा झाली नाही, एवढाच निकाल. आणि निकाल इतका उघडानागडा असल्यामुळेच तो मनाला लागतो.

आता खात्रीविषयी. घरच्यांचा सल्ला मायेचा आहे, पण तो पाळायचा ठरवले तर तुम्ही कायम 200 च करत राहाल, कारण खात्री फक्त आधी केलेल्या गोष्टीचीच असते. जे अंतर तुम्ही कधी कापलेलेच नाही त्याची खात्री आणायची कोठून? माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे, आणि तो केवळ अनुभवाचा आहे, त्यामागे कोणतेही शास्त्र नाही: दहा वेळा निघालो तर सहा वेळा पूर्ण होईल असे मनापासून वाटत असेल, तर निघावे. नऊ वेळा होईल असे वाटत असेल तर तो सराव समजावा. तोही करावा, पण त्याला आव्हान म्हणू नये. आणि दहातून दोन-तीन वेळाच जमेल असे वाटत असेल तर थांबावे, कारण तिथे आपण मेहनतीवर विसंबत नसतो, नवस बोलत असतो.

हा अंदाज लावायचा कसा, हे तुमच्याच स्वारीवरून दाखवतो. तुम्ही थांब्यांची यादी पाठवली हे फार चांगले केले. बहुतेक लोक सोडल्यानंतर फक्त भावना लिहून पाठवतात. शनिवारी सकाळी 6 ला तुम्ही निघालात आणि 318 ला पोहोचेपर्यंत 20 तास 50 मिनिटे झाली होती. त्यांतले 5 तास 40 मिनिटे तुम्ही सायकलवर नव्हतात: जेवणाला 1 तास 25 मिनिटे, चहाचे चार थांबे मिळून 2 तास, पंक्चरला 50 मिनिटे, आणि मागे राहिलेल्या जोडीदाराची वाट पाहण्यात 1 तास 25 मिनिटे. म्हणजे प्रत्यक्ष सायकल चालली 15 तास 10 मिनिटे, आणि वेग पडला ताशी 21 किलोमीटर. या वेगाने 400 आरामात होते. त्या ठिकाणी पोहोचण्याची मर्यादा 3 वाजून 12 मिनिटे होती, म्हणजे तुम्ही वेळेच्या 22 मिनिटे पुढे होतात, आणि उरलेल्या 82 किलोमीटरसाठी सकाळी 9 पर्यंत 6 तास 10 मिनिटे शिल्लक होती. ताशी साडेतेराचा वेग पुरला असता.

हे मी तुम्हाला हळहळ वाटावी म्हणून सांगत नाही. मुद्दा असा की थांबे साडेतीन तासांत बसवले असते, तर तुम्ही त्याच जागी 12 वाजून 40 मिनिटांनी पोहोचला असता, अडीच तास हातात असते, त्यांतला दीड तास तुम्ही झोपला असता आणि उठून निघाला असता. तुमच्याजवळ ताकद होती, पण झोपायला वेळ उरला नव्हता. यंदा थांबे आवरले आणि बाकी सगळे तसेच ठेवले, तर माझ्या अंदाजाने तुमच्या 400 चा आकडा दहात सातच्या आसपास जातो. निघा. 600 चे मात्र मी आज चारच म्हणेन. त्याचे पुढे पाहू.

रात्री अडीच ते पाच या वेळेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सोडण्याचे बहुतेक निर्णय त्याच वेळात होतात. तुम्ही रात्रपाळीची प्रसूती पाहिलेल्या बाई आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगले कळते. पहाटेच्या त्या वेळेला शरीराचे तापमान सर्वांत खाली येते, झोपेचा जोर सर्वांत जास्त असतो, भूक मेलेली असते, आणि त्यात आपल्याकडे जानेवारीतली थंडी. त्या वेळी मन जे सांगते ते माणसाचे नसते, वेळेचे असते. कारंजाच्या अलीकडे एका टपरीवर मी असाच बसलो होतो. टपरी बंद, बाकडे दवाने ओले, हातमोज्यांतून बोटे बाहेर काढवत नाहीत, खिशातल्या केळ्याचा लगदा झालेला. समोरून कापसाने भरलेला ट्रॅक्टर गेला, मागे लाल दिवा नाही, फक्त ट्रॉलीच्या जाळीतून निघालेली कापसाची बोंदरे वाऱ्यावर हलत होती. मला त्या क्षणी संपूर्ण खात्री होती की सायकल हा माझा विषयच नाही, मी विनाकारण पैसे आणि घरच्यांची झोप वाया घालवतो आहे, आणि घरी गेल्यावर ही सायकल विकून टाकायची. किंमतसुद्धा मनात ठरवली होती. मग हेल्मेट उशाला घेऊन त्याच बाकड्यावर 20 मिनिटे पडलो. उठलो तेव्हा पूर्वेला थोडे फटफटले होते, आणि सायकल विकण्याचा विचार कोणी दुसऱ्यानेच केला असावा असे वाटले. ती स्वारी 40 मिनिटे राखून पूर्ण झाली.

तेव्हापासून माझा नियम आहे की अंधारात सोडायचे नाही. झोप येत असेल तर झोपायचे, 20 मिनिटांचा गजर लावून. त्याहून जास्त झोपलो की उठल्यावर डोके जड होते, आणि झोपायचेच असेल तर मग दीड तास द्यावा. पडण्याआधी कपभर कडक चहा घेतला तर त्याचा अंमल उठायच्या वेळेला सुरू होतो. निर्णय घ्यायचा तो उजाडल्यावर आणि काहीतरी पोटात गेल्यावर.

या नियमाला अपवाद आहेत, आणि ते नियमाहून महत्त्वाचे आहेत. छातीत दुखणे, चालत्या सायकलवर डुलकी लागणे, बोलताना शब्द न सापडणे, सहा-सात तास लघवीला न होणे, एकच दिवा दोन दिसणे: यांतले एकही झाले तर तिथेच उतरायचे, वेळ कितीही हातात असो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका 600 ला, पहाटे सव्वाचारला, 340 व्या किलोमीटरच्या आसपास माझी मान दोनदा खाली गेली होती. मर्यादेला 25 मिनिटे शिल्लक होती, झोपलो तर कंट्रोल जाणार होता, आणि मी निघण्याआधी पारावर बसून सगळ्यांना सांगून आलो होतो. म्हणून चालवत राहिलो. तिसऱ्यांदा मान गेली तेव्हा सायकल रपट्यावरून खाली, आणि माझे हासळीचे हाड मोडलेले. घरी तूर सवंगायला आलेली होती, हरभऱ्याला फवारणी द्यायची होती, दोन म्हशी दुभत्या होत्या. पुढचे दीड-दोन महिने ते सगळे बायकोने आणि मुलाने केले, मुलाची बारावी त्या वर्षी होती. वहीत त्या स्वारीपुढे ‘अपूर्ण’ एवढाच शब्द आहे, आणि आधीच्या पाच-सहा स्वाऱ्यांपुढेही तोच शब्द आहे, पण या दोन अपूर्णांची जात वेगळी आहे. तुमचे 318 वर उतरणे आणि माझे रपट्यावरून पडणे यांना एकाच शब्दाने ओळखणे ही आपल्या भाषेची नाही, आपल्या विचाराची कंजुषी आहे.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना निघण्याआधी एक काम सांगतो. स्वारी अपूर्ण राहिली तर चालेल, हे तर ठरलेलेच. पण त्या नादात काय गेलेले चालणार नाही, ते वहीत लिहा. लिहायचे याचा अर्थ लिहायचेच, मनात ठेवायचे नाही, कारण रात्री तीन वाजता मन सगळ्या अटी सैल करते. तुमच्या बाबतीत मला तीन गोष्टी दिसतात. शरीर: वर सांगितलेले अपवाद, शिवाय हिमोग्लोबिन आधी तपासा, गावभर बायकांना लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या ताई स्वतः गोळी घ्यायला विसरतात, हे मी पाहिले आहे. पैसा: हंगामाचा खर्च आधी ठरवा, आणि तो मुलांच्या फीच्या किंवा पेरणीच्या पैशांतून येऊ देऊ नका. आणि तिसरे म्हणजे माणसे: सोमवारी तुम्हाला उपकेंद्रावर हजर राहायचे आहे, रात्रभर जागून लसीकरणाला बसणे तुम्हालाही बरोबर वाटणार नाही, म्हणून सोमवारची रजा आधीच मंजूर करून घ्या. या तीन रेषा सुरक्षित असतील, तर त्यांच्या आत कितीही वेळा अपूर्ण राहिलात तरी तुमचे काही वाकडे होत नाही.

इथे एक गोष्ट आपल्या भागाविषयी बोलल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही. आपल्याकडे अपयश हा हलका शब्द नाही. नोकरीच्या काळात मी ज्या घरांत पंचनाम्याला गेलो, त्यांतल्या काही घरांत एका हंगामाने माणूसच नेला होता. त्यामुळे शहरातून येणारी ‘अपयशाला मिठी मारा’ छापाची भाषणे मला सहन होत नाहीत. कोरडवाहू शेतकरी दर जूनमध्ये जो धोका पत्करतो, त्याला मर्यादा नसते. मृगाचा एक पाऊस पाहून पेरणी साधावी की थांबावे, हे तो ठरवतो, पण नंतर पाऊस दडी मारतो की नाही हे त्याच्या हातात नसते, आणि दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर येते. तो धोका त्याने निवडलेला नसतो, त्याच्यावर येऊन पडलेला असतो. त्याच्याशी ब्रेव्हेची तुलना करणे ही थट्टा होईल.

पण त्याच शेतकऱ्याकडून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. कपाशीच्या शेतात तो तुरीची तासे टाकतो. कापूस बोंडअळीने गेला तर निदान तूर हाती लागेल, हा हिशेब त्यामागे आहे. कपाशी लावायची तो भिऊन सोडत नाही, आणि पूर्ण वावर कपाशीच्या हवाली करतही नाही. ब्रेव्हेत धोका आपण स्वतः निवडतो, त्याचे कुंपणही स्वतः घालू शकतो, आणि हरलो तर त्याची किंमत एक रविवार आणि दुखणारी मांडी एवढीच असते. आपल्या भागातल्या माणसाला ही चैन क्वचित मिळते. ज्या घरात हरणे म्हणजे सर्वस्व जाणे असा अनुभव तीन पिढ्यांचा आहे, त्या घरातली सून एक लहान, कुंपण घातलेले हरणे स्वतःहून पत्करून सोमवारी घरी परत येते, ही गोष्ट तुमच्या मुलांनी पाहिलेली बरी, असे माझे मत आहे. तुम्हाला ते पटलेच पाहिजे असे नाही.

आता दुसरी बाजू. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे वाक्य प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असते, आणि माझ्या अनुभवात ते अर्धेच खरे आहे. अपयश आपोआप काही शिकवत नाही. मी पहिली 300 गुडघ्याच्या दुखण्याने सोडली. पुढच्या वर्षी जिद्दीने जास्त सराव करून गेलो आणि 220 ला पुन्हा त्याच गुडघ्याने, गुडघ्याच्या अगदी त्याच पुढच्या जागी दुखून, सोडली. दोन्ही वेळा मी घरी येऊन ‘नशिबात नव्हते’ म्हणालो. पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच. परतवाड्याच्या एका जुन्या सायकलवाल्याने मला सायकलवर बसवून पेडल मारायला लावले, एकदाच पाहिले आणि म्हणाला, “सीट दोन बोटं खाली आहे गा तुही.” सीट वर केली, गुडघा थांबला, तिसऱ्या वेळी 300 पूर्ण झाली. जिद्द पहिल्या दोन्ही वेळांना होती. तेव्हा सोडल्यानंतर चार दिवस कोणाशी काही बोलू नका, रडायचे असेल तर रडून घ्या, पण पाचव्या दिवशी वही काढून बसा आणि तुम्ही जशी थांब्यांची यादी केली तशी यादी करा. कारण सापडले नाही तर जाणत्याला दाखवा. कारण न सापडता पुन्हा तेच अंतर धरायला जाऊ नका.

मोठ्यांची उदाहरणे मी सहसा देत नाही, पण एक अगदी आपल्या खेळातले आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने 12 दिवसांत पूर्ण करायची असते. लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ 2016 मध्ये गेले आणि ती पूर्ण झाली नाही. 2017 मध्ये ते पुन्हा गेले आणि ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती पहिल्याच प्रयत्नात पूर्ण केली. पोरे मला विचारतात, दोघांत मोठे कोण? मला या प्रश्नात रस नाही. मला फक्त 2016 चा हिवाळा दिसतो, ज्यात एका माणसाला माहीत होते की त्याच रस्त्यावर पुन्हा जाऊन पुन्हा न जमण्याची पूर्ण शक्यता आहे, आणि तरी त्याने सराव सुरू केला होता.

आणखी जवळचे सांगायचे तर 2018 च्या मे महिन्यात ‘मिशन शौर्य’मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर गेले होते. दहा जणांच्या तुकडीतले पाच शिखरावर पोहोचले. आपल्या बोलण्यात ते पाचच राहिले, आणि त्यांचे कौतुक रास्तच आहे. पण चंद्रपूरच्या उन्हात वाढलेली जी पाच लेकरे त्या बर्फातून शिखर न गाठता परत आली, त्यांच्याशी मला एकदा बसून बोलायचे आहे. माघारी कधी वळायचे हे ज्याला कळते, त्याच्याकडून शिकण्यासारखे बरेच असते.

आता तुमच्या 400 चे. थांबे आधीच कागदावर लिहा: जेवण 40 मिनिटे, चहा प्रत्येकी 15, आणि बाकीचे खाणे सायकलवर. भाकरीचा चुरमा गुळात मळून लाडू करून नेला तर थंडीत चांगला टिकतो. शेंगदाणे, खजूर, आणि वरूड-मोर्शीकडून जात असाल तर संत्री वाटेत मिळतातच. ओआरएसची पुडी एका लिटरला एक, अंदाजाने नाही. हे तुम्हाला सांगणे म्हणजे आचाऱ्याला मीठ दाखवणे आहे. नुसते पाणी घटाघटा पीत राहिल्याने रक्तातले क्षार उतरतात, तेही तुम्हाला ठाऊक आहे. पंक्चर घरच्या अंगणात, अंधारात, बॅटरीच्या उजेडात, पाच वेळा काढा. 50 मिनिटांची 15 होतील.

जोडीदाराचा प्रश्न अवघड आहे. रात्रीच्या रस्त्यावर बाईने एकटे राहू नये असे मी म्हणेन, आणि त्यात मला मागासलेपणा वाटत नाही. आपल्या रस्त्यांवर रात्री रोही आडवा येतो, रानडुकरांचा कळप येतो, आणि माणसेही येतात. पण जोडीदार तुमच्या वेगाचा हवा. अंधार पडायच्या आधी सोबत ठरवा, दिवसा ज्याने त्याने आपापल्या वेगाने जावे. गेल्या वेळी तुम्ही दुपारी दोनला ज्याची वाट पाहिली, त्याची गरज तुम्हाला रात्री दहाला लागणार होती. झोपायचे ते पेट्रोल पंपावर किंवा एसटी स्टँडवर, उजेडात, आणि आयोजकांना फोनवर जागा कळवून.

सप्टेंबर-ऑक्टोबरात तीन-चार वेळा रात्री 11 ला निघून सकाळी 6 पर्यंत सायकल चालवा. अंतर कितीही होऊ द्या. हा सराव पायांसाठी नाही. पहाटे तीनची वेळ ओळखीची व्हावी आणि तिचे बोलणे किती मनावर घ्यायचे ते कळावे, यासाठी आहे.

600 चा आकडा मी चार का म्हटला, तेही सांगतो. 600 ला 40 तास मिळतात, शनिवारी सकाळी 6 पासून रविवारी रात्री 10 पर्यंत. त्यात एक रात्र पूर्ण आणि दुसरी संध्याकाळ असते, आणि रविवारी दुपारचे ऊन फेब्रुवारीतही आपल्याकडे भाजते. रात्रभर जागल्यानंतर दिवसभर सायकल चालवण्याचा तुम्हाला अनुभव नाही. 400 पूर्ण झाली तर चाराचे सहा होतील आणि त्याच हंगामात जा. 400 झाली नाही तर 600 पुढच्या वर्षी. 600 ला नाव नोंदवून झालेले आहे म्हणून जायचे, असे करू नका. भरलेली फी बुडाली तर बुडू द्या.

फ्लेक्सविषयी. पोरांचा हेतू चांगला होता, त्यांच्यावर रागावू नका, पण यंदा त्यांना स्पष्ट सांगा की लावायचा तर आल्यावर लावा. त्याचे कारण लाज नाही. मी पारावर सांगून निघालो होतो म्हणून मान खाली जात असताना उतरलो नाही, हे वर लिहिलेच आहे. बसथांब्यावरचा फ्लेक्स रात्री तीन वाजता तुमच्या मागच्या चाकाला बांधलेला असतो. चार माणसांना मात्र जरूर सांगा: यजमानांना, मुलांना, तुमच्या जागी सोमवारी काम पाहणाऱ्या सहकारी ताईंना आणि एका मैत्रिणीला, जिला रात्री कधीही फोन करता येईल. मुलांना ‘आई जिंकायला चालली’ असे सांगू नका. ‘आई चारशे करून पाहायला चालली आहे, कदाचित होईल, कदाचित मधूनच परत येईल’ असे सांगा. लेकरांना असले वाक्य मोठ्यांपेक्षा लवकर समजते.

राहिला तो शेवटचा प्रश्न, सुटलेच तर गावात काय सांगायचे. आकडा सांगायचा. कारण देऊ नका, तब्येत, पंक्चर, जोडीदार काहीही पुढे करू नका, कारण दिले की समोरचा त्यावर वाद घालतो. पहिल्यांदा 300 सोडून मी सकाळी गावात आलो, तेव्हा पारावर बसलेल्या एकाने विचारलेच, “काऊन गा, वापस आला?” मी म्हणालो, “दोनशे दहा झाले, नव्वद राहिले.” त्याने विचारले, दोनशे दहा म्हणजे कुठपर्यंत? मी गावांची नावे घेत गेलो, तो बोटांवर मोजत गेला, बाजूचे दोघे-तिघेही मोजायला लागले. तुमच्या गावात 318 म्हणजे किती, हे कोणालाच माहीत नसेल. यवतमाळहून नागपूर साधारण दीडशे पडते; नागपूरला जाऊन परत यवतमाळला यायचे आणि वर आणखी थोडे चालवायचे, असे सांगितले की कळेल. तेवढे सांगा आणि उपकेंद्र उघडायला जा.